संगणकाचे नाव आणि पत्ता

जाळ्यातील प्रत्येक संगणकास दोन ओळखी असतात : आपण ठेवलेले नाव आणि जाळ्यात मिळालेला आयपी पत्ता. पायथॉन भाषेत ‘सॉकेट’ हे मोड्यूल घेऊन ‘गेटहोस्टनेम’ हे फंक्शन चालविल्यास नाव मिळते; ते नाव ‘गेटहोस्टबायनेम’ला दिल्यास पत्ता मिळतो. परंतु उत्तर १२७.०.०.१ असे आले, तर आम्ही विद्यार्थ्यांस थांबावयास सांगतो. १२७ ने आरंभ होणारा पत्ता संगणकाचा स्वतःपुरताच असतो. त्यावरून शेजारचा संगणक आपल्यापर्यंत पोहोचू शकत नाही. अशा वेळी यूडीपी सॉकेट बाहेरच्या एखाद्या पत्त्यास ‘कनेक्ट’ करून ‘गेटसॉकनेम’ चालवावे. एवढ्याने एकही संदेश बाहेर जात नाही. तरी त्या वाटेवर आपला संगणक कोणता पत्ता घेऊन निघेल, हे कळते. शेजाऱ्यास द्यावयाचा पत्ता तोच.