कोयनाकाठचे पाटण

कराडहून चिपळूणकडे जाणाऱ्या मार्गावर, कोयना व केरा या नद्यांच्या संगमाशी पाटण वसले आहे. गाव लहान, परंतु तालुक्याचे मुख्य ठिकाण असल्याने तहसील कचेरी, पंचायत समिती व बाजार यांसाठी डोंगरावरील वाड्यावस्त्यांतील माणसे येथेच उतरतात. जवळच्या दातेगडावर खडकात खोदलेली तलवारीच्या आकाराची विहीर आहे. ती अवश्य पाहावी.

पाटणचे जीवन मात्र कोयनेशी बांधलेले आहे. वरच्या अंगास कोयनानगरजवळ सुमारे १०५ अब्ज घनफुटांचे धरण आहे. त्यातील बरेचसे पाणी बोगद्यांतून पश्चिमेस वळवून वीज निर्माण केली जाते. या प्रकाशासाठी खोऱ्यातील कित्येक गावे उठली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली.

धरणातून नदीत सोडलेले पाणी पाटणवरून कराडला कृष्णेस मिळते आणि पुढे सांगलीस पोहोचते. म्हणूनच २०१९ च्या महापुरात सांगलीकरांचे लक्ष कोयनेच्या विसर्गाकडे लागले होते. खुद्द तालुक्याला भय आहे ते उतारांचे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेघर, मीरगाव व ढोकावळे येथे दरडींनी घरे गाडली, माणसे गेली. जमिनीस पडलेल्या नव्या भेगा, कललेली झाडे, झऱ्याचे एकाएकी गढूळ झालेले पाणी ही धोक्याची चिन्हे होत. वाडीवरच्या शिक्षकांना व पंचायत सदस्यांना ती कचेरीच्या आधी दिसतात. अशा वेळी तहसीलदारांना तात्काळ कळवावे आणि उत्तराची वाट न पाहता उताराखालची घरे रिकामी करावीत.