परसातला लसूण

भाकरीवर लसणाची चटणी असली, की दुसरे कोरड्यास नसले तरी चालते. पण २०२४ साली लसूण किलोला ४०० रुपयांवर गेला. गरिबाच्या पाट्यावर नुसते मीठ-मिरची राहिली. म्हणून म्हणतो, मायबहिणींनो, परसात एक वाफा लसणाचा करा.

लसणाला बी येत नाही. पाकळी हेच त्याचे बी. दिवाळीच्या सुमारास थंडी पडू लागली, की पाकळ्या लावाव्या. बाजारात मोठ्या पाकळ्यांचा डोंगरी लसूण मिळतो. तो लावू नका. त्याला मोठा दिवस लागतो. आपल्याकडे त्याची नुसती पात वाढते. गावात पिकणाराच लसूण घ्या. 'गोदावरी' नावाचे वाण राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढले आहे. नाव मात्र आपल्या नांदेडच्या नदीचे!

आपली काळी माती वाळली की दगड होते. गड्डा फुगणार कसा? ढेकळे फोडा. दोन-तीन पाट्या कुजलेले शेणखत मिसळा.

आता हिशेब करा. वाफा दोन हात लांब, दोन हात रुंद. अर्ध्या वितीवर एक ओळ, म्हणजे ८ ओळी. ओळीत चार-चार बोटांवर पाकळी, म्हणजे १२ पाकळ्या. आठ बारे शहाण्णव. एका पाकळीचा एक गड्डा. कडेच्या ठोसर पाकळ्या निवडा. साल काढू नका. टोक वर ठेवून दोन बोटे खोल लावा.

पाणी आठ-दहा दिवसांनी, बेताचे. भाजी धुतलेले पाणीही चालते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ते दिवस आठवतात ना?

फाल्गुनाच्या सुमारास पात पिवळी पडते, माना लवतात. त्याच्या आधी दोन-तीन आठवडे पाणी तोडा. पहिल्या वर्षी मी तोडले नाही. म्हटले, अजून फुगेल. गड्डे फुटले, अर्धे कुजले. घरच्या बाई म्हणाल्या, "गुरुजी, मुलांना शिकवलं तेवढं पुरे."

खुरप्याने पातीसकट काढा. सावलीत आठवडाभर वाळवा. जुड्या बांधून वाऱ्याला टांगा. मोठे दहा-बारा गड्डे पुढच्या दिवाळीला बियाणे म्हणून वेगळे बांधा. आमच्याकडे त्या जुडीला लाल चिंधी असते. घरात पाहुणे आले, तरी तिला हात लावत नाहीत.