सही करण्याआधी पाणी सोडून बघा

फिफ्थ व्हील ट्रेलर, म्हणजे ट्रकच्या पाठीवरच्या हिचला जोडून ओढायचं चाकांवरचं घर, आणायला न्यू जर्सीहून थेट इंडियानात एल्खार्टला जायचं ठरवलं, तेव्हा एडिसनमधल्या आमच्या मंडळींनी एकच प्रश्न लावून धरला होता : इतक्या लांब कशाला? उत्तर सोपं आहे. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही एल्खार्ट आणि आसपासच्या गावांतच तयार होतात. कारखान्याच्या दारातला डीलर म्हणजे वाहतुकीचा खर्च नाही, आवारात शेकडो ट्रेलर उभे, आणि किंमत आमच्या जवळच्या डीलरपेक्षा काही हजार डॉलरने कमी. हे गणित तेव्हाही बरोबर होतं आणि आजही आहे. लांब जाण्यात काही चुकलं नाही. ज्या डीलरने लेखी कबूल केलेलं पाळलं नाही, त्याच्यामुळे सगळं बिघडलं. त्याने अजून साधं ‘सॉरी’ म्हटलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

ट्रकची बाजू आमची पक्की होती. अनेक जण इथेच फसतात, म्हणून थोडं सांगते. ट्रक किती ओढू शकतो, हा जाहिरातीतला आकडा फिफ्थ व्हीलसाठी पुरेसा नाही. ट्रकच्या पाठीवर किती वजन चालतं, ते बघायचं. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की चौकटीवर पिवळी पट्टी दिसते. माणसं आणि सामान मिळून किती पौंड, ते तिच्यावर छापलेलं असतं. ट्रेलरच्या कमाल वजनाचा साधारण २० ते २५ टक्के भार किंगपिनवरून, म्हणजे हिचमध्ये बसणाऱ्या ट्रेलरच्या खुंट्यावरून, ट्रकवर येतो. म्हणजे १२,००० पौंडांच्या ट्रेलरचे २,४०० ते ३,००० पौंड तिथेच गेले. त्यात हिच, दोन माणसं आणि मागच्या सीटवरचं सामान मिळवा. पाऊण टनाच्या डिझेल ट्रकमध्ये हे बसेलच असं नाही, सेल्समन काहीही म्हणो. आमचा ट्रक एक टनाचा आहे आणि हिच आम्ही घराजवळच बसवून घेतली होती. त्यामुळे ‘तुमच्या ट्रकला हे झेपणार नाही’ असं म्हणायची सोय डीलरला नव्हती.

ईमेलवर डीलरच्या सेल्समनने कबूल केलं होतं की पाणी, गॅस, वीज, स्लाइड-आउट (बाहेर सरकणारा भाग), सगळं तुमच्यासमोर चालवून दाखवू. ती ईमेल माझ्याकडे आहे. पोचण्याची वेळ शनिवारी सकाळची ठरली होती. आदल्या दिवशी त्याचा फोन आला, दुपारी या, ट्रेलर अजून धुवायचाय. दुपारी गेलो तर सर्व्हिसवाले घरी गेलेले. शनिवारी ते अर्धा दिवसच असतात, हे तिथे गेल्यावर कळलं. सेल्समनला मात्र ते आधीपासून माहीत असणारच.

बोलणं सगळं माझ्या नवऱ्याशी. प्रश्न मी विचारायचे आणि उत्तर त्याला मिळायचं. ट्रेलरच्या खरेदीचा प्रत्येक कागद मी वाचला होता, नवऱ्याने दोनदा सांगितलंही, ‘तिलाच विचारा, तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.’ त्यावर तो हसला आणि पुन्हा नवऱ्याकडे वळून टीव्हीचा रिमोट कसा चालतो ते दाखवू लागला. टीव्ही, शेकोटीसारखा दिसणारा हीटर, रंगीत दिवे, एवढं दाखवण्यात अर्धा तास गेला. मग त्याने माझ्या हातात तपासणीची यादी ठेवली आणि म्हणाला, आमच्या माणसाने सगळं तपासलंय, खाली सही करा.

यादी दोन पानांची. प्रत्येक चौकोनात बरोबरची खूण, सगळ्या एकाच पेनने, एकाच तिरकेपणाने. वॉटर हीटर गॅसवर चालवला, बरोबर. शेगडी पेटवली, बरोबर. फर्नेस, बरोबर. नळ आणि पंप, बरोबर. मी ती यादी घेऊन बाहेर गेले. पुढच्या बाजूला सिलिंडरचं झाकण आहे, ते उघडलं. दोन्ही सिलिंडर कोरे करकरीत आणि रिकामे. एकाच्या तोंडावर कारखान्याचं प्लास्टिकचं बूच अजून तसंच, आणि रेग्युलेटरची नळी शेजारी लोंबकळत होती. म्हणजे या ट्रेलरमध्ये या लोकांनी गॅस कधी भरलाच नव्हता. मग शेगडी पेटवली कशावर? बाजूला जाऊन वॉटर हीटरचं दार उघडलं, तर त्याच्या टाकीचा खालचा प्लगच बसवलेला नव्हता. तो एका छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत आत चिकटवून ठेवला होता. त्या भोकाला मी बोट लावलं, कोरडं ठणठणीत होतं.

तिथे उभी असताना मला कळलं की ही विसरभोळेपणाची गोष्ट नाही. कुणीतरी टेबलाशी बसून, ट्रेलरला हातही न लावता, दोन पानं भरली होती. रागापेक्षा भीती जास्त वाटली. गॅसच्या गळतीची तपासणीही त्याच यादीत होती आणि तिच्यापुढेही तीच खूण होती. याच ट्रेलरमध्ये आम्ही रात्री झोपणार होतो.

मी सेल्समनला बोलावून बूच दाखवलं. तो म्हणाला, ‘कदाचित दुसऱ्या सिलिंडरवर तपासलं असेल.’ मग पिशवीतला प्लग दाखवला. त्यावर काही बोलला नाही. पण त्याने यादी माझ्या हातातून हळूच काढून घेतली, ‘ही जुनी प्रत दिसतेय, नवीन देतो’ म्हणाला आणि आत गेला. नवीन प्रत आली नाही. पण दोन्ही पानांचे फोटो मी वाचतानाच काढले होते. हातात पडलेल्या प्रत्येक कागदाचा लगेच फोटो काढा, आणि परत मागितला तर द्यायच्या आधी काढा. पुढे जे काही आमच्या पदरात पडलं, ते त्या फोटोंमुळे.

आणखी एक गोष्ट आमच्या बाजूने होती. डीलरने सगळे पैसे आधी वायर करा म्हणून तगादा लावला होता. आम्ही बधलो नाही. डिपॉझिट सोडून उरलेल्या रकमेचा बँकेचा चेक माझ्या पर्समध्ये होता. मी सांगितलं, पाणी, गॅस आणि वीज चालवून दाखवल्याशिवाय चेक बाहेर निघणार नाही. त्याने डिपॉझिट बुडेल असं सुचवून बघितलं, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे असंही बोलला. मग मॅनेजर आला. त्याच्या मोबाइलवर मी ती ईमेल त्याच्यासमोरच पाठवली. थोड्या वेळाने, मघाशी नसलेला मेकॅनिक कुठूनतरी आला. दूरच्या डीलरवर तुमचा जो काही जोर असतो तो चेक आणि सही हातची जाईपर्यंतच. नंतर तुम्ही शेकडो मैलांवर असता आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाला रंगीत दिवे दाखवत असतो.

मेकॅनिक भला माणूस होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्याने सिलिंडर भरून आणले, प्लग बसवला, पाणी सोडलं. पहिल्यांदा नळातून गुलाबी अँटीफ्रीझ आलं, मग स्वच्छ पाणी. पाच मिनिटांत स्वयंपाकघराच्या सिंकखालून थेंब पडू लागले. सांडपाण्याच्या वळणदार पाइपचा नट नुसता हाताने फिरवून सोडलेला होता. अशा ट्रेलरच्या पोटाला बहुधा खालून आवरण असतं, त्यामुळे असं पाणी खाली पडलेलं दिसत नाही, आतच साचून राहतं आणि जमीन फुगते. ही गळती आम्हाला महिन्यांनी कळली असती. म्हणून माझं ठाम मत आहे : पाणी सगळ्या नळांतून, शॉवरमधून, फ्लशमधून सोडायचंच, आणि प्रत्येक सिंकखाली कागदी टॉवेल पसरून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. कागदावर ओल लगेच दिसते. फ्रिजला थंड व्हायला कित्येक तास लागतात, म्हणून तो सकाळीच चालू करून ठेवायला सांगा. स्लाइड-आउट दोनदा आतबाहेर करा आणि रबराची कड कुठे आत दुमडतेय का ते बघा.

छतावर मात्र त्यांनी चढू दिलं नाही. विम्यात बसत नाही म्हणाले. नवऱ्याने सेल्फी स्टिकला फोन लावून शिडीच्या दुसऱ्या पायरीवरून फोटो काढले. पुढच्या टोपीपाशी, जिथे छत आणि समोरचा भाग मिळतो, तिथे सीलंटमध्ये बोटभर फट दिसत होती. मॅनेजरने मान्य केलं, पण सीलंट लावणारा सोमवारीच येईल म्हणाला. ‘देणं बाकी’च्या फॉर्मवर त्याने स्वतःच्या हाताने लिहून सही केली : छताची फट भरून देणे, खर्च डीलरचा. तेवढं लेखी घेऊनच मी चेक दिला.

हिच जोडतानाही लक्ष ठेवावं लागलं. आवारातला मुलगा जबडा बंद झाल्याचा आवाज येताच ट्रेलरचे पुढचे पाय वर घ्यायला धावला. नवऱ्याने त्याला थांबवलं. पाय जमिनीला टेकलेले असतानाच, ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबून धरायचे आणि ट्रक हलकेच पुढे ओढून बघायचा. जबडा नीट बसला नसेल तर ट्रेलर पायांवर उभा राहतो. पाय वर असले तर तो थेट ट्रकच्या पाठीवर कोसळतो. ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी ब्रेकअवेची तार हिचला अडकवू नका, ट्रकला अडकवा, कारण हिचच निखळली तर हिचला लावलेली तार काही कामाची नाही. टायरमधली हवा स्वतःच्या गेजने मोजा. आमच्या एका टायरमध्ये ८० ऐवजी ५२ होती. टायरच्या बाजूवरच्या डॉट क्रमांकातले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, तेही वाचा. चाकांचे नट नव्या ट्रेलरवर सैल होतात, पहिल्या ५० आणि १०० मैलांवर टॉर्क रेंचने पुन्हा आवळायचे. ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर एकदा वजन करून घ्या. बाकी घाई करू नका, पोटात काहीतरी घालून जा, डोकं शांत ठेवा, हे सगळे सांगतातच.

ओहायो टर्नपाइकच्या काही प्लाझांवर आरव्हीसाठी वीज जोडायची सोय असते, परतताना तिथे रात्र काढली. दुसऱ्या दिवशी पेनसिल्व्हेनियात आय-८० वर पाऊस लागला. क्लिअरफील्डच्या आसपास हा रस्ता मिसिसिपीच्या पूर्वेला सगळ्यात उंच जातो, २,२५० फुटांवर, आणि तिथे पावसाबरोबर वाराही समोरून होता. संध्याकाळी कॅम्पग्राउंडवर दार उघडलं तर पलंगावरची गादी डोक्याच्या बाजूने ओली. बरोबर त्या फटीखाली.

मी फोटो आणि फॉर्म पाठवले. उत्तर आलं, ट्रेलर इकडे घेऊन या. फॉर्मवर ‘आमच्याच वर्कशॉपमध्ये’ असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, तरी तोच हेका. न्यू जर्सीतल्या डीलरकडे विचारलं, तर तो म्हणाला, आमच्याकडून घेतलेल्यांचं काम आधी, तुमचा नंबर उन्हाळ्यानंतर. वॉरंटी उत्पादकाची असते, पण काम कुणाचं करायचं ते बहुतेक डीलर स्वतःच ठरवतात. बऱ्याच राज्यांतले लेमन लॉ, म्हणजे सदोष गाडी घेणाऱ्याला संरक्षण देणारे कायदे, मोटारींसाठी आहेत, ओढायच्या ट्रेलरला लागू होत नाहीत. आपल्या राज्याचा नियम आधीच बघून ठेवा. १९७५ चा वॉरंटीचा केंद्रीय कायदा आहे, पण त्याचा आधार घ्यायला बहुतेक वेळा वकील गाठावा लागतो. म्हणून लांबून घेणाऱ्याने ‘देणं बाकी’च्या फॉर्मवर हे वाक्य घालून घ्यायलाच हवं : काम गिऱ्हाइकाच्या घराजवळच्या फिरत्या तंत्रज्ञाकडून होईल आणि बिल डीलर भरेल. शिवाय स्वतंत्र तपासनीस मिळतात, राष्ट्रीय आरव्ही तपासनीस संघटनेचे प्रमाणित. त्यांची फी कितीही जास्त वाटली तरी द्या, आणि तपासणीला डीलर नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. डीलरपासून दहा-पंधरा मैलांवरच्या कॅम्पग्राउंडवर किमान एक रात्र राहा, पाऊस पडला तर उत्तमच. आणि वेळ आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळचीच घ्या. ती बदलायला फोन आला, तर सर्व्हिसवाले किती वाजेपर्यंत असतात ते त्याच फोनवर विचारा.

शेवटी आम्ही उत्पादकाला थेट लिहिलं. त्यांनी फिरत्या तंत्रज्ञाला आधी मंजुरी देऊन छताचं बिल भरलं. गादीचे आणि आतल्या फुगलेल्या लाकडी पट्टीचे पैसे डीलरने नाकारले. त्याबद्दल इंडियानाच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार केली आहे, सोबत यादीची दोन्ही पानं, सिलिंडरचं बूच, पिशवीतला प्लग आणि मॅनेजरच्या सहीचा फॉर्म, सगळ्यांचे फोटो जोडून. ‘यादीची ती प्रत आमच्या रेकॉर्डवर नाही,’ असं डीलरने आम्हाला लेखी कळवलं आहे. तेही पत्र आम्ही तक्रारीला जोडलं.