कॅमेऱ्याला तार की बिनतारी?

समजा, आपल्या वसाहतीत आठ कॅमेरे बसवायचे आहेत. प्रथम नकाशा काढून फाटक, जिने, वाहनतळ यांवर खुणा करा. कॅमेरा कोणाच्या खिडकीत डोकावणार नाही, हेही तेव्हाच पाहा.

आता प्रत्येक खुणेपासून चित्रे साठवणाऱ्या यंत्रापर्यंतचे अंतर मोजा. ईथरनेटची तांब्याची केबल 100 मीटरपर्यंत चित्रसंदेश नेते आणि तिच्यातूनच कॅमेऱ्याला वीजही देता येते. त्यामुळे वीज गेली तरी यंत्राजवळचा एकच इन्व्हर्टर सर्व कॅमेरे चालू ठेवतो. बिनतारी कॅमेऱ्याचा संदेश रेडिओलहरींनी जातो. वीज मात्र त्याला जागेवरच लागते. शिवाय भिंती लहरींना क्षीण करतात आणि एकाच चॅनेलवरील कॅमेऱ्यांना तीच वाट वाटून घ्यावी लागते. म्हणून शक्य तेथे तार घालावी. मध्ये रस्ता आडवा आला, तर बिनतारी.

साठवणीचे गणितही करा. एक कॅमेरा सेकंदाला 4 मेगाबिट, म्हणजे अर्धा मेगाबाइट माहिती पाठवतो असे धरू. दिवसाचे सेकंद 86,400. म्हणून माहिती 43,200 मेगाबाइट. आठ कॅमेऱ्यांची 15 दिवसांची साठवण सुमारे 5.2 टेराबाइट होईल.

4 टेराबाइटची डिस्क घेतली, तर किती दिवसांचे चित्रण राहील? तुम्हीच काढून पाहा.