शंका-समाधान : काँक्रीटला घाई करताना

प्रश्न : घराच्या पहिल्या मजल्याचा स्लॅब पुढच्या आठवड्यात टाकायचा आहे. ठेकेदार म्हणतो, ‘लवकर सेट होणारं केमिकल टाकू आणि चौथ्या दिवशी सेंट्रिंग खोलू.’ प्लेटांचं भाडं दिवसाच्या हिशेबाने चढतंय, हेही खरं. दिवाणखान्याचा गाळा साडेसोळा फुटांचा आहे. खोलू द्यावं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नका खोलू देऊ. ठेकेदार तुम्हाला फसवतोय असं मी म्हणणार नाही. केमिकल टाकलेलं काँक्रीट संध्याकाळपर्यंत पाय ठेवण्याजोगं होतं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण पाय ठेवता येणं वेगळं आणि पाच मीटरच्या गाळ्यात स्वतःचं वजन पेलून राहणं वेगळं.

सिमेंटमध्ये ताकदीचं मुख्य काम ट्रायकॅल्शियम सिलिकेट करतं. पाणी पडल्यावर त्याची अभिक्रिया थोडी सुरू होते आणि मग दोन-तीन तास जवळपास स्वस्थ बसते. या अवधीतच आपण काँक्रीट वाहतो, ओततो, व्हायब्रेटर मारतो. ॲक्सिलरेटर (म्हणजे ठेकेदाराचं ‘केमिकल’) हा अवधी कमी करतो आणि त्यानंतरची अभिक्रियाही जोरात चालवतो. पहिल्या एक-दोन दिवसांची ताकद त्याने चांगली वाढते. पुढे मात्र फायदा ओसरत जातो. घाईने तयार झालेले पदार्थ सिमेंटच्या कणाभोवतीच दाटीने साचतात आणि आतल्या कोऱ्या सिमेंटपर्यंत पाणी पोहोचणं अवघड करतात. म्हणून २८व्या दिवशी चाचणीचा ठोकळा बिनकेमिकलच्या ठोकळ्याच्या बरोबरीने, कधी थोडा कमीच भरतो. थोडक्यात, केमिकलची खरी मदत पहिल्या दोन दिवसांची, आणि तुमचे टेकू निघणार चौथ्या दिवशी.

आयएस ४५६ या मानकात साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी आणि १५ अंशांच्या वरच्या हवेसाठी मुदती दिल्या आहेत. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू सात दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस. तुमचा गाळा पाच मीटरचा आहे, म्हणजे चौदा. गोणीवर ‘पीपीसी’ असेल (आज दुकानात बहुधा तेच मिळतं) तर त्यातल्या फ्लाय ॲशमुळे सुरुवात आणखी संथ असते, तेव्हा काही दिवस जास्त धरा.

भाड्याचा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो. याच मानकाप्रमाणे स्लॅबखालच्या प्लेटा तीन दिवसांनी काढता येतात, मात्र टेकू तिथल्या तिथे परत लावायचे. पीपीसी असेल तर पाच-सहा दिवस थांबा, प्लेटा परत करा आणि टेकू ठेवून घ्या. त्याहून लवकर खोलायचंच असेल तर पुरावा ठोकळ्यांचा हवा, आणि तेही प्रयोगशाळेच्या टाकीत मुरवलेले नव्हेत. स्लॅबशेजारी ठेवलेले, त्याच उन्हातले, तेच पाणी प्यायलेले. ‘मागच्या साइटवर काही झालं नाही’ हा पुरावा नव्हे. लवकर खोललेला स्लॅब लगेच कोसळेलच असं नाही. बहुतेकदा तो नुसता वाकतो. दोन वर्षांनी गच्चीत मधोमध पाणी तुंबतं, खालून केसासारख्या भेगा दिसतात, आणि तोवर ठेकेदाराचा नंबर बदललेला असतो.

आणखी एक. सांगलीच्या उन्हात काँक्रीट आधीच लवकर आवळतं. त्यात केमिकल पडलं की खालून वर पोहोचेस्तोवर माल ताठ होतो आणि कुणीतरी बादलीभर पाणी ओतून तो मऊ करतो. त्या एका बादलीने जेवढी ताकद जाते, तेवढी कुठलंही केमिकल भरून देत नाही. तुम्हाला ॲक्सिलरेटर लागतच नाही. आळी करून किमान दहा दिवस पाणी साठवा.

प्रश्न : आमची इमारत १९७४ सालची. सज्जांच्या खालचे पोपडे पडून सळ्या उघड्या पडल्या आहेत. ऑडिट करणाऱ्यांना शंका आहे की त्या काळी काँक्रीट लवकर घट्ट व्हावं म्हणून कॅल्शियम क्लोराइड मिसळलं असावं. काही सभासद समुद्राच्या हवेला दोष देतात. खरं काय, हे आता कळू शकेल का?
— गृहनिर्माण संस्थेचे सचिव, मुंबई

उत्तर : बऱ्याच अंशी कळू शकेल.

आधी शंका कितपत रास्त आहे ते पाहू. कॅल्शियम क्लोराइड हा सर्वांत जुना, स्वस्त आणि खरोखर प्रभावी ॲक्सिलरेटर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तो वापरात आहे. सिमेंटच्या दोन टक्के हे नेहमीचं प्रमाण. काँक्रीट अल्कधर्मी असल्याने सळईवर ऑक्साइडचा पातळ थर टिकून राहतो आणि गंज लागत नाही. क्लोराइड तो थर जागोजागी फोडतो. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो वरचं काँक्रीट ढकलून पाडतो.

आकडाच मांडू. एका घनमीटरला ३२० किलो सिमेंट धरलं तर दोन टक्के म्हणजे ६.४ किलो कॅल्शियम क्लोराइड. शुद्ध, कोरड्या क्षारात वजनाने ६४ टक्के क्लोराइड असतं, म्हणजे जवळपास ४ किलो. बाजारातल्या ओलसर पापडीचा हिशेब केला तरी ३ किलो. आयएस ४५६ (२००० सालची आवृत्ती) सळ्या असलेल्या काँक्रीटला घनमीटरमागे ०.६ किलोची मर्यादा घालतं, आणि त्यात वाळू, पाणी, सिमेंट सगळ्यांतलं क्लोराइड मोजायचं असतं. ब्रिटनमध्ये सळ्यांच्या काँक्रीटमधून हा क्षार १९७७च्या सुमारास हद्दपार झाला. तुमची इमारत त्याआधीची आहे, तेव्हा शंका वाजवी आहे.

आता तपास. सज्जात ड्रिल मारून भुकटी गोळा करायची, पण सगळी एकत्र नाही : पहिल्या सेंटिमीटरची वेगळी, दुसऱ्याची वेगळी, असं पाच-सहा सेंटिमीटर आत जायचं. खारी हवा बाहेरून आत शिरते, त्यामुळे तिचं क्लोराइड पृष्ठभागाजवळ जास्त आणि आत झपाट्याने कमी होत जातं. मिश्रणातच पडलेलं असेल तर खोलवरही साधारण तेवढंच सापडेल. समुद्रापासून लांबच्या, कधीही न भिजणाऱ्या आतल्या एखाद्या बीमचा नमुनाही घ्या. तिथेही आकडा मोठा आला तर हवेवरचा आरोप मागे घ्यावा लागेल. एक पळवाट मात्र उरते. खाडीची न धुतलेली वाळू किंवा खारट बोअरचं पाणी वापरलं असेल तरी आलेख असाच सपाट येतो. दोष केमिकलचा की वाळूचा, हे सभेत भांडून ठरणार नाही. दुरुस्तीच्या दृष्टीने फरकही पडत नाही : क्लोराइड सगळीकडे असेल तर पोपडे काढून नुसता गिलावा मारणं म्हणजे पैसे पाण्यात. ठिगळाच्या कडेला शेजारची सळई उलट लवकर गंजते.

प्रश्न : पेव्हर ब्लॉक आणि चेंबरची झाकणं करतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी ब्लॉकच्या कडा तुटतात, उत्पादन निम्मं होतं. कॅल्शियम क्लोराइड स्वस्त पडतं. चालेल?
— एक उद्योजक, निफाड

उत्तर : निफाडची थंडी म्हणजे महाराष्ट्रात ॲक्सिलरेटरचा विचार करण्याजोगी मोजकी जागा. तापमान दहा अंशांनी उतरलं की अभिक्रियेचा वेग साधारण निम्मा होतो.

ब्लॉकमध्ये सळई नसते, त्यामुळे गंजाची भीती नाही. तरी मी टाळीन. रंग काळपट आणि डागाळलेला येतो, पुढे पांढरे ओघळ उठतात, सुकताना आकसणं वाढतं, आणि तुमचे लोखंडी साचेच खराब होतात. झाकणांत सळ्या असतात. तिथे तर थेंबभरही नको. एकाच शेडमध्ये दोन्ही मिश्रणं होत असताना पिंप चुकीच्या मिक्सरजवळ जाणार नाही, याची हमी तुम्ही तरी देऊ शकाल का?

आधी फुकटातले उपाय करा. हिवाळ्यापुरतं पीपीसीऐवजी साधं सिमेंट घ्या. पाणी तापवा : नेहमीपेक्षा ४० अंशांनी गरम पाणी घातलं तर मिश्रण आठ-दहा अंशांनी चढतं. ते ६० अंशांच्या पुढे नेऊ नका, आणि आधी खडीत ओतून मग सिमेंट टाका. ब्लॉकच्या फळ्यांवर रात्री ताडपत्री घाला. सिमेंटची स्वतःची उष्णता आतच राहते. एवढ्यावर भागलं नाही तर कॅल्शियम नायट्रेटवर आधारलेला, ‘क्लोराइडमुक्त’ लिहिलेला आणि आयएस ९१०३चा दाखला असलेला माल घ्या. प्रत्येक सिमेंटशी त्याचं जमतंच असं नाही, म्हणून एका घाण्यावर चाचणी करा. ट्रायइथेनॉलअमीनच्या नादी लागू नका. चिमूटभर कमी-जास्त झालं की तेच उलट वागतं.

प्रश्न : बोगद्याच्या छताला फवारलेलं काँक्रीट खाली कसं पडत नाही?
— पदविका विद्यार्थी, कराड

उत्तर : ॲक्सिलरेटर तिथे मिक्सरमध्ये नव्हे, नोझलपाशी मिसळतात. हल्लीच्या अल्कलीमुक्त प्रकारात ॲल्युमिनियम सल्फेट असतं. सिमेंटशी गाठ पडताच काही मिनिटांत एट्रिंगाइटचे सुईसारखे स्फटिक गुंततात आणि थर जागीच धरून ठेवतात. पूर्वी सोडियम सिलिकेट किंवा सोडियम ॲल्युमिनेट वापरत. त्याने थर चिकटायचा, पण २८ दिवसांची ताकद लक्षणीय घटायची आणि फवारणाऱ्याच्या कातडीला भाजायचं.

प्रश्न : साखरेची रिकामी पोती ओली करून ताज्या स्लॅबवर घातली. दुसऱ्या दिवशी वरचा थर नखाने उकरला जातो. सिमेंट भेसळीचं असेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सिमेंट बहुधा निर्दोष आहे. साखर हे काँक्रीट रोखून धरणाऱ्या पदार्थांतलं एक जालीम औषध. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखरही त्याला काही तास मागे खेचते. पोत्यातला अंश पाण्याबरोबर वरच्या थरात उतरला असणार. पोती काढा, पृष्ठभाग धुऊन घ्या आणि साधं गोणपाट ओलं ठेवून काही दिवस वाट पाहा. अशी दबलेली साल बऱ्याचदा उशिराने घट्ट होते. आठवड्यानेही भुसभुशीत राहिली तर तारेच्या ब्रशने तेवढी खरवडून काढा, आणि वरून पातळ थर द्यायचा की नाही ते किती मिलिमीटर गेलं त्यावर ठरवा. फोटो पाठवलात तर सांगेन. केमिकल शिंपडून ती साल घट्ट करायला मात्र जाऊ नका.