जीपच्या टपावरील ओझें व टपाचा पत्रा

बैलगाडीस टप नव्हता, व रंगाची फिकीरही नव्हती. ओझें भरतांना एखादी फळी खरडली तर सुतारास हांक मारली कीं काम भागे. आतां पुष्कळ बागाइतदारांच्या दारीं जीप आली आहे. आंत घरचीं माणसें आणि टपावर माल, अशी तिची दुहेरी चाकरी चालते. बांबू, शिडी, फवारणीचा पंप, टोमॅटोचे क्रेट, ठिबकच्या नळ्यांचीं वेटोळीं, सारें टपावर चढतें. टप मात्र नजरेच्या वर असल्यामुळें त्याजकडे कोणी पाहत नाहीं. सबब या विषयावर चार शब्द शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहों.

प्रथम आमचीच चूक सांगतों. गाडी नवी असतां दुकानांतून तुषारसिंचनाचे पाइप आणावयाचे होते. ओरखडे पडूं नयेत म्हणून आम्ही टपावर घरची जाड घोंगडी पसरली, तीवर पाइप रचले, दोर आंवळला व निर्धास्तपणें घरीं आलों. घोंगडी काढून पाहतों तों टपावर कुळव फिरवावा तशा उभ्या रेघा! आम्ही पाइपांस दोष दिला. परंतु खरा अपराधी घोंगडीच्या खालीं होता. गाडी दोन दिवस मळणीच्या खळ्याशेजारीं उभी होती, आणि टपावरची धूळ न धुतांच आम्ही तीवर घोंगडी घातली होती.

आपल्याकडील खडीच्या रस्त्यावरची धूळ म्हणजे काळ्या दगडाचा चुरा. तो जवळजवळ काचेइतका कठीण असतो. नदीच्या वाळूचा कण तर काचेहूनही कठीण. असा कण कापड व रंग यांच्यामध्यें सांपडला, वरून ओझें बसलें आणि गाडी हिंदकळूं लागली, म्हणजे तें कापड कापड राहत नाहीं, त्याचा पॉलिश पेपर होतो. उलट कारखान्यांत चढविलेले रंगाचे सर्व थर मिळून जाडी सुमारें एक दशांश मिलिमीटर भरते. त्याखालील पत्राही बहुधा एक मिलिमीटरपेक्षां पातळच. इतक्या थोडक्या आवरणावर आपण वर्षानुवर्षें विसंबून असतों.

रेघ दिसली म्हणून कोणी गाडी टाकून देत नाहीं, हें खरें. पण रेघ पत्र्यापर्यंत पोंचली कीं पावसाळ्यांत तेथें गंज धरतो व तो रंगाच्या खालून पसरत जातो. वरून फक्त पुटकुळ्या दिसतात. आमच्या गाडीस तिसऱ्या पावसाळ्यांत पन्हळीजवळ भोंक पडलें. आंतील अस्तर भिजून पाणी मागच्या बाकावर ठिबकत राहिलें, आणि त्याच बाकावर पेरणीसाठीं नेत असलेली घरच्या सोयाबीनची पिशवी होती. सकाळीं पाहतों तों बीं फुगलेलें. सोयाबीनच्या बियाचें साल नाजूक असतें. भिजून पुन्हां वाळलेलें असें बीं पेरण्याच्या उपयोगाचें नव्हे. ऐन वाफशावर दुसरें बियाणें मिळवितांना चार दिवस गेले. पत्रा कापून नवा तुकडा जोडण्याचा खर्च निराळाच. एवढें सारें एका न धुतलेल्या टपामुळें.

म्हणून पहिला नियम असा कीं ओझें चढविण्यापूर्वीं टप धुवावा. कोरडें फडकें मारूं नये, त्यानें धूळ घासली जाते. आधीं भरपूर पाणी ओतून माती वाहून जाऊं द्यावी, मग ओलें मऊ कापड फिरवावें व टप सुकूं द्यावा. पाण्याची टंचाई असेल तेथेंही दोन तांब्ये यासाठीं राखावे. अंथरावयाचें कापडही धुतलेलें हवें. घोंगडी या कामीं वाईट, कारण तिच्या लोकरींत कुसळें व खडे अडकून राहतात. जुन्या सुती लुगड्याची गोधडी उत्तम, मात्र ती कधीं जमिनीवर अंथरूं नये.

तथापि गोधडीपेक्षां कॅरिअर बरें, कारण त्यायोगें माल टपास टेकतच नाहीं. त्याच्या आडव्या दांड्यांस सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळावी. पाइप घसरत नाहींत व खडखडही थांबते. कॅरिअरचे पाय जेथें बसतात तेथें माती सांचते व ओरखडा तेथूनच सुरू होतो, सबब वर्षांतून दोनदां तरी ते सोडवून खालची जागा पुसावी. टपास किती भार चालतो हें गाडीच्या पुस्तिकेंत लिहिलेलें असतें व त्यांत कॅरिअरचें वजनही धरावयाचें असतें. पुष्कळ प्रवासी गाड्यांस हा भार ५० ते १०० किलोंच्या दरम्यानच असतो; म्हणजे कांद्याच्या दोन गोण्या झाल्या कीं संपलें! आमचे कित्येक मित्र सहा गोण्या चढवितात व मग टप दबला म्हणून कारखानदारास नांवें ठेवितात.

माल चढवितांना तो ओढूं नये, उचलून ठेवावा. दोन्ही बाजूंस एकेक माणूस असावा. दोराचा लोखंडी आंकडा टपावरून पलीकडे भिरकावण्याची खोड तर अगदींच सोडावी. दोर ज्या कडेवरून वळतो तेथें ठिबकच्या जुन्या १६ मिलिमीटरच्या नळीचा वीतभर तुकडा उभा चिरून दोरावर चढवावा. ही युक्ति फुकटची असून आम्हांस सर्वांत उपयोगी पडली. ताडपत्री घातल्यास तिचे चारही कोपरे आंवळावे. वेग दुप्पट झाला म्हणजे वाऱ्याचा जोर चौपट होतो, आणि फडफडणाऱ्या ताडपत्रीच्या पितळी कड्या कोसभरांत रंगाची चाळण करितात.

खताच्या गोणीविषयीं विशेष जपावें. पोटॅश किंवा युरिया सांडून त्यावर दंव पडलें तर तें खारट पाणी ओरखड्यांत शिरून गंज झपाट्यानें वाढवितें. घरीं येतांच टप धुवावा. ओलें गोणपाटही रात्रभर टपावर ठेवूं नये.

सहा मीटरचे, म्हणजे सुमारें २० फुटांचे, पाइप मात्र टपावरून आणूंच नयेत असें आमचें मत झालें आहे. जीप चार मीटरच्या आसपास. उरलेली लांबी पुढें-मागें लोंबते, आणि एकदम ब्रेक दाबला कीं गुळगुळीत पाइप भाल्यासारखा सुटून पुढच्या दुचाकीवाल्याच्या पाठींत जावयाचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें मर्यादेबाहेर लोंबणाऱ्या मालास २०,००० रुपये दंड सांगितला आहे, तो वेगळाच. शेजाऱ्याची ट्रॉली भाड्यानें आणणें स्वस्त पडतें.

ओरखडा पडलाच तर नख फिरवून पाहावें. नख अडकत नसेल तर पॉलिशनें भागतें. अडकत असेल व तळाशीं पत्रा चकाकत असेल तर पावसाची वाट पाहूं नये: तेवढी जागा बारीक पॉलिश पेपरनें घासून, पुसून, कोरडी करून आधीं प्राइमर व तो वाळल्यावर रंग लावावा. लालसर गंज दिसत असल्यास तो पुरता निघेपर्यंत घासावें. गंजावर लावलेला रंग टिकत नाहीं. आमच्या गाडीच्या जोडलेल्या तुकड्याचा रंग मूळ रंगाशीं जुळला नाहीं. त्याच्या शिवणीवर दरवर्षीं मृगापूर्वीं आम्ही हात फिरवून पाहतों.