अनंतपूर जिल्हा : भूमि, इतिहास, लोक आणि दुष्काळाचा धडा

व्यापारी, जमीनदार व दानशूर गृहस्थहो,

समितीच्या विनंतिपत्रास उत्तर देतांना आपल्यापैकीं पुष्कळांनीं दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला, हा मुलूख आहे तरी कोठें व कसा. आणि दुसरा, जेथें अवर्षण वारंवार यावयाचेंच, तेथें पैसा घालणें म्हणजे वाळूंत पाणी ओतणें नव्हे काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. जो देतो त्यास विचारण्याचा अधिकार आहे. म्हणून जमाखर्चाच्या आंकड्यांपूर्वीं या जिल्ह्याची हकीकत आम्ही आपणांपुढें ठेवीत आहों. ती वाचल्यावर दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर निराळें द्यावें लागत नाहीं, अशी आमची खात्री आहे.

भूमि

अनंतपूर हा आंध्र प्रदेशाच्या रायलसीमा या भागांतील नैर्ऋत्येकडील मुलूख. जुना जिल्हा सुमारें १९,१३० चौरस किलोमीटरांचा असून १८८२ सालीं तो बल्लारी जिल्ह्यांतून निराळा काढण्यांत आला. २०२२ सालीं त्याचे दोन भाग झाले : उत्तरेस अनंतपूर व दक्षिणेस श्री सत्य साई जिल्हा. दुष्काळास ही सीमा ठाऊक नाहीं. म्हणून या लेखांत दोन्ही भागांस मिळून आम्ही अनंतपूर असेंच म्हणतों.

येथें वर्षाकाठीं सरासरी सुमारें ५५० मिलिमीटर, म्हणजे २२ इंच, पाऊस पडतो. नैर्ऋत्येचा मोसमी वारा सह्याद्रीवर आपलें पाणी सांडून येथवर कोरडा येतो, आणि ईशान्येचा परतीचा वारा पूर्व किनाऱ्यावर रिता होऊन येथें पोहोंचतो. दोन दात्यांच्या मध्यें उभें राहून दोघांकडूनहि उपाशी राहावें, तशी या भूमीची गत आहे. आपल्याकडील माण-खटावचा दुष्काळी टापू ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस हें चित्र परकें वाटणार नाहीं. जमीन बहुतेक तांबडी, उथळ व खडकाळ. गुत्ती, ताडपत्रीकडे कांहीं काळी जमीन आहे. पेन्ना ही मुख्य नदी कर्नाटकांतील नंदी टेंकड्यांत उगम पावून येथून जाते, परंतु वर्षाचे बरेच महिने तिच्या पात्रांत वाळूच दिसते.

इतिहास

पाऊस थोडा, म्हणून पूर्वजांनीं पडेल तो थेंब अडविला. विजयनगरच्या राज्यांत येथें गांवोगांव तळीं बांधलीं गेलीं. अनंतपूर शहराशेजारील बुक्करायसमुद्रम् हें गांव पहिल्या बुक्करायाचें नांव अद्याप चालवीत आहे. जो तळें बांधील किंवा राखील त्यास जमीन इनाम मिळे. या इनामास दशबंध म्हणत. पाणी राखणें हा पुण्याचा विषय होताच, पण त्यास उत्पन्नाचीहि जोड दिलेली होती, हें जमीनदार वर्गानें विशेष ध्यानांत घेण्याजोगें आहे. १५६५ सालीं तालिकोटच्या लढाईंत विजयनगर पडल्यावर याच जिल्ह्यांतील पेनुकोंडा येथें कांहीं काळ त्या राज्याची राजधानी होती.

मराठी वाचकांस या मुलुखाशीं एक जुनें नातें आहे. गुत्तीचा डोंगरी किल्ला अठराव्या शतकांत मुरारराव घोरपडे या मराठा सरदाराच्या हातीं होता. १७७६ सालीं हैदरअल्लीनें त्यास वेढा दिला. किल्ला उंच व बळकट, शिबंदी शूर. पण गडावरील पाणी आटत गेलें, आणि अखेर मुराररावांस शत्रूच्या स्वाधीन व्हावें लागलें. कैदेंतच त्यांचा अंत झाला. या जिल्ह्यांत राजा असो वा रयत, शेवटचा निकाल पाण्यानेंच लागत आला आहे.

१८०० सालीं निजामानें हा प्रांत कंपनी सरकारास दिला, म्हणून त्यास ‘दत्त मंडल’ असें नांव पडलें. टॉमस मन्रो हा १८०० ते १८०७ पर्यंत येथील मुख्य कलेक्टर होता व सरकारानें प्रत्येक शेतकऱ्याशीं थेट करार करण्याची रयतवारी पद्धत त्यानें येथें बसविली. ‘दत्त’ हें नांव लोकांच्या मानास कमीपणा आणणारें वाटूं लागलें, तेव्हां १९२८ सालीं ‘रायलसीमा’ हें नांव पुढें आलें.

लोक

लोकांची भाषा तेलुगु. पश्चिमेस मडकशिरा व रायदुर्ग या बाजूंस कानडी, आणि शहरांतून उर्दूहि चालते. रेड्डी व कापू शेती करतात. कुरुब हे मेंढपाळ व कांबळीं विणणारे. बोया पूर्वीं पाळेगारांच्या पदरीं शिपाईगिरी करीत. सुगाली म्हणजे लमाण तांड्यांतून राहतात. धर्मावरम् येथील रेशमी लुगडीं दक्षिणेंत सर्वत्र नांवाजलेलीं आहेत. हे लोक आळशी नव्हेत. २२ इंच पावसावर संसार करणें हें आळशाचें काम नाहीं.

पूर्वीं शेतांत ज्वारी, राळा, बाजरी व नाचणी होई. धान्य माणसास, कडबा जनावरांस, आणि बरें वर्ष आलें तर शिल्लक पेवांत. विसाव्या शतकांत भुईमूग वाढत गेला व शतकाच्या उत्तरार्धांत कोरडवाहू जमीन बहुतांशीं त्याच्याखालीं आली. भुईमुगानें रोकड आणली, हें खरें. परंतु पेव रिकामें झालें. आतां पीक बुडालें म्हणजे धान्यहि दुकानांतून आणावयाचें आणि चाराहि विकत घ्यावयाचा, आणि तेंहि हातांत पैसा नसतांना.

१८७६–७८

या जिल्ह्याच्या इतिहासांतील सर्वांत मोठा धडा १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाचा आहे. १८७६ सालीं दोन्ही मोसम फसले. बल्लारी जिल्ह्याची, ज्यांत तेव्हां अनंतपूर होतें, लोकसंख्या १८७१ व १८८१ या दोन खानेसुमारींच्या दरम्यान सुमारें एक-पंचमांशानें घटली.

व्यापारी वर्गानें यांतील एक गोष्ट नीट पाहावी. मद्रासेहून रायचूरकडे जाणारी आगगाडी गुत्तीवरून १८७१ सालींच सुरू झालेली होती. धान्य समुद्रमार्गें मद्रासेस येत होतें व गाडीनें आंत जात होतें. म्हणजे धान्य अगदींच नव्हतें असें नाहीं. तें विकत घेण्याचें सामर्थ्य नव्हतें. ज्याचें पीक गेलें व ज्याची मजुरी बंद पडली, त्याच्या दारावरून धान्याची गाडी गेली तरी त्यास तिचा उपयोग काय? अमर्त्य सेन यांनीं १९८१ च्या आपल्या ग्रंथांत दुष्काळांची हीच मीमांसा शास्त्रीय पद्धतीनें केली.

सरकारी मदतहि तेव्हां हात आखडून दिली गेली. १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामांवरील मजुरास दिवसास एक पौंड धान्य व अर्धा आणा एवढीच मजुरी ठरविली. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं, एवढ्यावर श्रम करणारें शरीर टिकत नाहीं, असें निक्षून सांगितलें. मुंबई इलाख्यांत हजारों मजुरांनीं कामें सोडलीं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें, म्हणजे वकील गणेश वासुदेव जोशी व त्यांचे सहकारी यांनीं, त्यांची बाजू सरकारपुढें मांडली.

त्याच सालीं लंडनमध्यें जो लोकवर्गणीचा फंड उघडला, त्याचा मोठा भाग अन्नछत्रांवर खर्च न होतां बियाणें, बैल व मोडलेलीं घरें यांवर खर्च झाला. जेवण घातलेला मनुष्य उद्यां पुन्हां भुकेला होतो. बैल दिलेला मनुष्य पुन्हां शेतकरी होतो.

पुढील काळ

१८८० च्या दुष्काळ-कमिशनानंतर दुष्काळाचे कायदे झाले. १९५३ सालीं तुंगभद्रेचें धरण झालें व पुढें त्याच्या उंच पातळीच्या कालव्यानें या जिल्ह्यास कांहीं पाणी मिळालें. हंद्री-नीवा योजनेनें श्रीशैलम् येथून कृष्णेचें पाणीहि उपसून आणलें आहे. १९६९ सालीं व्हिसेंट फेरर यांनीं येथें संस्था स्थापिली. त्यापूर्वीं ते मनमाडच्या परिसरांत शेतकऱ्यांच्या विहिरींसाठीं झटले होते. महाराष्ट्रांत १९७२ च्या दुष्काळांतून जी रोजगार हमी निघाली, तिच्याच धर्तीवर सबंध देशासाठीं केलेल्या योजनेचा आरंभ २ फेब्रुवारी २००६ रोजीं याच जिल्ह्यांतील बंडलपल्ली गांवीं झाला. एका दुष्काळी मुलुखाचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगीं कसा पडतो, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

या सर्वांमुळें १८७७ सारखे मृत्यु आतां होत नाहींत. परंतु माणूस जगला म्हणजे संसार वाचला असें नव्हे.

दुष्काळ कोणत्या क्रमानें येतो

आम्हीं आयुष्य वकिलींत घालविलें आहे, आणि दुष्काळाची खरी बखर आम्हीं गहाणखतांत वाचली आहे. तिचा क्रम ठरलेला असतो. प्रथम पेरणी वाया जाते व उधारीचें बियाणें मातींत मिळतें. मग चारा संपतो. बैल बाजारांत जातात. त्याच बाजारीं सारा गांव विकावयास आलेला असतो, म्हणून किंमत पडते. पाण्याच्या आशेनें कर्ज काढून कूपनलिका खोदतात, ती कोरडी निघते. पुढें दागिने, मग जमिनीवर गहाण, आणि अखेर घरास कुलूप लावून बंगळूरचा रस्ता. घरीं राहतात ते म्हातारे. पुढील वर्षीं पाऊस उत्तम पडला तरी नांगरावयास बैल नाहीं आणि जमीन दुसऱ्याकडे. कागद मात्र निर्दोष असतो. सही खरी, साक्षी खरे. कायद्याच्या दृष्टीनें कोणीहि गुन्हा केलेला नसतो. कर्जापायीं कित्येक शेतकऱ्यांनीं आपला जीव दिला, हेंहि येथें सांगितलें पाहिजे.

यावरून दिसेल कीं, ज्यास आपण दुष्काळ म्हणतों, ती या साखळीची शेवटची कडी आहे; आणि दान बहुधा तेव्हांच येतें. तोंवर बैल गेलेला असतो. वाळूंत पाणी ओतल्यासारखें वाटतें तें मदत निरुपयोगी म्हणून नव्हे, उशिरां पोहोंचते म्हणून.

विनंति

म्हणून समितीची आपणांस अशी विनंति आहे. व्यापारी बंधूंनीं पेंड, कडबा व धान्य खरेदीच्या भावानें द्यावें, आणि आपल्या वहींतील या लोकांचा हप्ता एक हंगाम पुढें ढकलावा. बैल टिकला तर कर्ज फिटेल, बैल गेला तर व्याजहि बुडेल. जमीनदारांनीं चाऱ्याच्या छावणीस जागा द्यावी, व जुन्या तळ्यांतील गाळ मजुरी देऊन काढूं द्यावा. तो गाळ त्यांच्याच शेतास खत होईल. आणि दात्यांनीं आपला आंकडा वर्तमानपत्रांत हाडांचे सांपळे छापून येण्याची वाट न पाहतां श्रावण सरतांनाच लिहून द्यावा, कारण भुईमूग तरला कीं बुडाला, हें तोंवर कळून चुकलेलें असतें.

गुत्तीच्या किल्ल्यास तटांची उणीव नव्हती. उणीव पाण्याची होती, आणि तीहि वेळेवर भरून न आल्याची. या जिल्ह्यांतील लोकांपाशीं श्रम आहेत, जमीन आहे, धीरहि आहे. त्यांस हवा आहे तो केवळ एक हंगामाचा आधार. आणि तो बैल दावणीस आहे तोंवर मिळावा, एवढेंच आमचें मागणें आहे.

समितीच्या वतीनें